शरदातल्या रात्री वॉलआय: लेक एरीच्या काठावरून पहिल्यांदा गरवणाऱ्यांसाठी

क्लीव्हलंड, टोलिडो, डेट्रॉइट या पट्ट्यात नोकरीनिमित्त आलेल्या माणसाच्या कानावर पहिल्या थंडीआधीच वॉलआयचं नाव पडतं. लेक एरीतला हा सगळ्यांत मानाचा मासा. पोर्ट क्लिंटन गावात तर ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री फायबरग्लासचा अवाढव्य वॉलआय वरून खाली सोडून नवं वर्ष साजरं करतात. उन्हाळ्यात हा मासा पकडायचा तर बहुतेक वेळा बोट लागते आणि काही मैल आत जावं लागतं. ऑक्टोबर संपताना मात्र तो अंधार पडल्यावर काठाशी यायला लागतो आणि डिसेंबरपर्यंत साध्या रॉडवर, धक्क्यावर उभं राहून मिळतो. आपल्या कालगणनेत सांगायचं तर कोजागिरीनंतर सुरुवात आणि देवदिवाळीच्या आसपास खरा भर.

लहानपणी खाडीवर गरी टाकलेली असेल तर दोऱ्याची समज तुमच्याकडे आहेच. नसेल तरी बिघडत नाही. इथे दोन गोष्टी जमायला हव्यात: हात हळू चालवणं आणि दिवा बंद ठेवणं. नवखे रिकाम्या हाताने परततात ते बहुधा या दोहोंपैकी एकामुळे, महागड्या सामानाच्या अभावी नव्हे.

मासा काठाशी का येतो

वॉलआयच्या डोळ्यात पडद्यामागे प्रकाश परावर्तित करणारा थर असतो, मांजरासारखा. बॅटरीच्या उजेडात त्याचे डोळे चमकतात ते त्यामुळे. आपल्या जिताड्याचेही तसेच चमकतात. मंद उजेडात त्याला भक्ष्य दिसतं, भक्ष्याला मात्र तो नीट दिसत नाही, म्हणून संध्याकाळ आणि रात्र ही त्याची शिकारीची वेळ. १९८०च्या दशकाच्या अखेरीस झेब्रा शिंपले या सरोवरांत शिरले आणि पाणी गाळून गाळून स्वच्छ करू लागले. निवळ पाण्यात उजेड खोलवर जातो, आणि तिथे वॉलआय दिवसा उथळ भागात यायला आणखीनच नाखूष असतो.

शरदात पाणी थंडावतं तसे गिझर्ड शॅड आणि एमराल्ड शायनर हे छोटे मासे बंदरांत, नदीच्या मुखांत, धक्क्यांच्या आडोशाला गोळा होतात. त्यांच्यामागे वॉलआय येतो. मादीच्या पोटात वसंतातल्या अंड्यांची तयारी याच दिवसांत चालू असते, त्यामुळे मोठ्या माद्या भरपूर खातात. शॅडला थंडी सोसत नाही. पाणी गारठलं की तो सुस्तावतो, कडाक्याच्या थंडीत मरतोही. म्हणजे वॉलआयला या दिवसांत समोर दिसतं ते मंद, अर्धमेलं भक्ष्य. तुमचं आमिष हळू का ओढायचं याचं कारण इथे आहे.

पाण्याचं तापमान ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली आलं की जायला सुरुवात करा. ५० ते ४० अंशांच्या मधले आठवडे सगळ्यांत चांगले.

आधी परवाना

लेक एरीचा किनारा ओहायो, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया, न्यू यॉर्क आणि कॅनडाचं ऑन्टॅरिओ यांच्यात वाटलेला आहे. ज्या हद्दीत उभे आहात तिथलाच परवाना चालतो. ओहायोत १६ वर्षांखालच्या मुलांना परवाना लागत नाही. मोठ्यांना तो हंटफिश ओएच या ॲपवर पाच मिनिटांत मिळतो. स्थानिक रहिवाशाचा स्वस्त दर मिळायला राज्यात सलग सहा महिने राहिलेलं असावं लागतं. नवीनच आला असाल तर तोवर परराज्यातल्यांसाठीचा परवाना काढा, किंवा एका दिवसाचा काढून हौस आहे का ते बघा.

ओहायोच्या पाण्यात अलीकडच्या वर्षांत माणशी दिवसाला सहा वॉलआय आणि किमान लांबी १५ इंच असा नियम आहे. हे आकडे माशांच्या साठ्याचा अंदाज घेऊन बदलू शकतात, म्हणून दर हंगामाआधी राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या संकेतस्थळावर ताजा नियम पाहा. मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका. वन्यजीव अधिकारी रात्रीही येतात आणि मोजपट्टी लावून बघतात.

शरदात इथे फॉल ब्रॉलसारख्या लांबीच्या स्पर्धाही असतात. भाग घ्यायचा असेल तर आधी नाव नोंदवावं लागतं. मोठा मासा लागल्यावर नोंदणी आठवून उपयोग नाही.

सामान

सात ते आठ फुटांचा, मध्यम किंवा मध्यम-हलक्या ताकदीचा स्पिनिंग रॉड आणि २५०० ते ३००० आकाराचं रीळ. धक्क्यावर आठ फुटी बरा, कारण मासा खडकांपासून दूर धरता येतो. रिळावर १० पौंडी ब्रेडेड (विणलेला) दोरा भरा आणि त्याच्या टोकाला तीनेक फूट १० ते १२ पौंडी फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे पुढचा पारदर्शक दोरा, डबल युनी गाठीने जोडा. ब्रेडेड दोरा रबरासारखा लांबत नाही, म्हणून काळोखात हलकासा स्पर्शही बोटाला कळतो. लीडरच्या शेवटी छोटा, गोल तोंडाचा साधा स्नॅप, म्हणजे आमिष अडकवायची कडी, लावा. फिरकी असलेला जड स्नॅप आमिषाचं तोंड खाली ओढतो आणि त्याची डुलत जाणारी चाल मारतो. गाठी घरी, टेबलावर बसून मारा. बोटं बधिर झाल्यावर मारलेली गाठ चांगल्या माशालाच दगा देते.

आमिष म्हणजे लांबट खोटा मासा, ज्याला इथे स्टिकबेट किंवा जर्कबेट म्हणतात. रपाला कंपनीचा हस्की जर्क १२ किंवा १४ आकारात घ्या. हा आकडा सेंटिमीटरचा. ओढायचं थांबवलं की तो वर येत नाही आणि बुडतही नाही, आहे तिथेच तरंगत राहतो. थंड पाण्यात हाच गुण हवा असतो. खोली जास्त असेल तर स्मिथविकचा परफेक्ट १० रोग खाली जातो. तीन-चार आमिषं पुरे: एक चांदीसारखं चमकणारं, एक गडद जांभळं किंवा काळं, एक भडक हिरवं-नारिंगी. रंगावरून धक्क्यावर तासन्‌तास वाद चालतात. माझ्या मते तो थंडीत वेळ घालवायचा उद्योग आहे. आमिष किती खोलीवर आणि किती हळू चाललंय याने फरक पडतो, रंगाने फार थोडा.

ज्यावर कंजुषी करू नये ती वस्तू म्हणजे लांब दांड्याची जाळी. धक्क्याची भिंत पाण्यापासून उंच असते. सात पौंडांचा मासा दोऱ्याने वर उचलायला गेलात की तो पडणारच. दांडा दहा-बारा फुटांचा हवा. जाळी रबराची पोत असलेली घ्या, नाहीतर तीन काट्यांचे दोन-तीन गळ तिच्यात असे अडकतात की अर्धा तास सोडवण्यात जातो.

याखेरीज लाल उजेडाची सोय असलेला डोक्यावरचा दिवा, लांब नाकाची पक्कड, मोजपट्टी, बोटं उघडी ठेवणारे हातमोजे आणि सुके मोजे एक जोड जास्त. चहाचा थर्मास कोणी सांगायची गरज नाही.

जागा दिवसाउजेडी बघून ठेवा

क्लीव्हलंडमध्ये एजवॉटर पार्कचा धक्का आणि पूर्व ५५व्या रस्त्यावरची मरीना, दोन्ही क्लीव्हलंड मेट्रोपार्क्सच्या ताब्यात आहेत आणि नवख्यांना सोयीच्या आहेत: सपाट पाय ठेवायला जागा, गाडी जवळ, आसपास माणसं. पश्चिमेकडे गेलात तर लोरेनला ब्लॅक नदीच्या मुखाशी आणि ह्युरनला ह्युरन नदीच्या मुखाशी धक्के आहेत. ह्युरनचा धक्का रात्रीच्या वॉलआयसाठी दूरवर प्रसिद्ध आहे, त्यामुळे चांगल्या रात्री तिथे खांद्याला खांदा लागतो. प्रत्येक ठिकाणी बंद व्हायची वेळ आणि रात्री गाडी लावायचे नियम पाटीवर लिहिलेले असतात, ते आधी वाचा.

दुपारी एक चक्कर मारा. दगड कुठे सैल आहेत, भिंत कुठे तुटली आहे, मासा जाळीत घ्यायला खाली उतरायची सुरक्षित जागा कुठली, हे उजेडातच कळतं. मग पाणी बघा. भिंतीचा कोपरा, बंदराच्या तोंडाची फट, नदीचा प्रवाह सरोवरात मिसळतो ती रेघ, धक्क्यावरच्या दिव्याचा उजेड जिथे संपून काळोख सुरू होतो ती कड: मासा अशा ठिकाणी फिरतो. पृष्ठभागावर छोट्या माशांची थरथर दिसली, एखादा शॅड उडी मारताना दिसला, तर रात्री तिथेच या. दुपारी सगळं निर्जीव दिसणाऱ्या भिंतीकडे मी पुन्हा वळत नाही.

मिशिगनची सॅगिनॉ खाडी, विस्कॉन्सिनमधलं स्टर्जन बे, मिनेसोटाचं मिल लॅक्स, ऑन्टॅरिओची क्विंटे खाडी इथेही शरदातला वॉलआय नावाजलेला आहे. तंत्र बरंचसं हेच, नियम मात्र फार वेगळे. कॅनडात त्याला पिकरेल म्हणतात, तेव्हा दुकानात त्या नावाने विचारा.

हवा आणि वारा

लेक एरी हे पाच महासरोवरांमधलं सगळ्यांत उथळ. सरासरी खोली ६२ फुटांच्या आसपास. उथळ पाण्यात लाटा पटकन उठतात, उंच आणि एकमेकींना चिकटून येतात. ओहायोचा किनारा दक्षिणेला असल्याने दक्षिणेचा वारा जमिनीवरून सरोवराकडे जातो आणि काठ शांत राहतो. नव्या माणसाने अशीच रात्र निवडावी. उत्तरेची किंवा वायव्येची हलकी झुळूक आली, फूट-दीड फुटांच्या लाटा असल्या तर मासे उलट जास्त खातात, कारण पाणी किंचित गढूळतं आणि लहान मासे काठावर ढकलले जातात. पण ईशान्येचा किंवा उत्तरेचा जोराचा वारा म्हणजे घरी बसायचं. वादळानंतर पाणी चहाच्या रंगाचं झालेलं असेल तर दोन दिवस थांबा.

पश्चिमेचा वारा सतत वाहिला की सरोवराचं पाणी बफेलोकडे ढकललं जातं, टोलिडोच्या बाजूला पातळी काही फुटांनी उतरते, आणि वारा पडला की तेच पाणी झोके घेत परत येतं. नॅशनल वेदर सर्व्हिसचा किनाऱ्याजवळचा अंदाज निघण्यापूर्वी वाचा. लहान बोटींसाठी इशारा लागू असेल तर धक्क्यावरही जाऊ नका.

पौर्णिमेच्या आजूबाजूच्या रात्री चांगल्या असं जुनेजाणते सांगतात, आणि चंद्र उगवताना मासे लागायला लागलेले मीही पाहिले आहेत. तरी वादळी पौर्णिमा आणि शांत अमावस्या यांत निवड करायची तर अमावस्येची रात्र घ्या.

टाकायचं कसं, ओढायचं कसं

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि क्लीव्हलंडला सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळतो. ऑफिस सुटल्यावर थेट पोचलात तरी मुख्य वेळ हाती लागते. मावळतीच्या आधी अर्धा तास जागेवर उभे राहा. पहिला जोर अंधार पडताना आणि त्यानंतरचे दोन तास. मग मध्ये शुकशुकाट होतो, काही रात्री दहा-अकराला पुन्हा हालचाल होते. पहाटेही मासा खातो, पण दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असणाऱ्याला ते झेपत नाही.

पायरीपायरीने सांगतो.

पहिल्यांदा उजेड असतानाच आमिष पायाजवळच्या पाण्यात सोडून बघा. सरळ पोहतंय का, थांबवलं की जागेवर राहतंय का? एका बाजूला कलत असेल तर पुढची तारेची कडी पकडीने अगदी केसभर विरुद्ध बाजूला वळवा. थंड पाणी घनदाट असल्याने काही आमिषं हळूच वर तरंगतात. तसं होत असेल तर लीडर थोडा जाड घ्या किंवा पोटाखाली वजनाची चिकटपट्टी लावा.

मग टाका, पण सरोवराच्या पोटात नव्हे, भिंतीला तिरकं. सगळ्यांचा पहिला हट्ट असतो तो शक्य तितकं लांब फेकायचा. मासा मात्र दगडांच्या कडेने, बऱ्याचदा तुमच्या पायापासून पंधरा-वीस फुटांवर फिरत असतो. भिंतीशी साधारण समांतर टाकलं तर आमिष पूर्ण वाटभर त्याच्या रस्त्यात राहतं. शेजारी माणूस असेल तर अर्थात कोन बदलावा लागतो. त्याच्या दोऱ्यावर दोरा गेला तर माफी मागून मोकळे व्हा, इथे सगळ्यांचं होतं.

आमिष पाण्यात पडलं की रॉडने एक लांब ओढ द्या म्हणजे ते खाली जाईल. मग हँडल सेकंदाला एक फेरी, किंवा त्याहूनही हळू. पाच-सहा फेऱ्या झाल्या की थांबा. मनात तीनपर्यंत मोजा. पुन्हा सुरू. पाणी ४५ अंशांखाली गेलं की पाचपर्यंत मोजा. रॉडचं टोक खाली, दोरा ताठ, तर्जनी दोऱ्याला टेकलेली. हाताला वाटेल की हे फारच हळू चाललंय. त्याहूनही थोडं हळू करा. थंडीत माणूस नकळत भरभर फिरवायला लागतो, अंग गरम व्हावं म्हणून. ती सवय आवरायची.

आमिष काठाशी आलं की लगेच उचलू नका. मागोमाग आलेला मासा शेवटच्या हातभर पाण्यात, आमिष थांबलेलं असताना तोंड घालतो.

त्याचा घास फार वेळा झटक्यासारखा लागत नाही. दोऱ्यावर ओल्या फडक्याचं ओझं आल्यासारखं वाटतं, नाहीतर ताठ दोरा अचानक सैल होतो. रॉड कचकन मागे खेचायची गरज नाही. तीन काट्यांचे गळ धारदार असतात. रॉड सावकाश वर घ्या, रीळ फिरवत राहा आणि ताण सुटू देऊ नका. वॉलआय उड्या मारत नाही, तळाकडे दडी मारतो आणि डोकं झटकतो. म्हणून ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, आधीच नीट लावलेला असावा. साथीदाराला हाक मारा. जाळी पाण्यात आधी बुडवून ठेवायची आणि मासा जाळीवर आणायचा. जाळी माशामागे धावली की मासा गेला.

एका जागी पाऊण तासात काही हाललं नाही तर शंभर पावलं पुढे सरका. तीन-चार माणसं असाल तर वेगवेगळ्या खोलीची आमिषं लावा, एकाला लागला की बाकीच्यांनी तेच लावायचं.

आणि दिवा. गाठ मारायची, गळ सोडवायचा तर पाण्याकडे पाठ करून लाल दिवा लावा. पांढरा झोत पाण्यावर फिरवला की पायाशी फिरणारे मासे विखुरतात आणि शेजारची माणसं शिव्या देतात, कधी मनात, कधी मोठ्याने.

गळाला दरवेळी वॉलआयच येईल असं नाही. शीप्सहेड, पांढरा बास, कॅटफिश, क्वचित स्टीलहेड येतो. शेपटीच्या खालच्या पात्याचं टोक पांढरं दिसलं की वॉलआय समजा. त्याला तोंडात बोट घालून धरू नका, दात सुळ्यांसारखे असतात. पाठीवरचा पंख काटेरी, कल्ल्याचं झाकण धारेचं.

जीव आधी

४० अंशांच्या पाण्यात पडलेल्या माणसाला पहिलं मिनिट श्वास आवरण्यात जातं, साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि तासाभरात शुद्ध हरपू शकते. पट्टीचा पोहणाराही याला अपवाद नाही. म्हणून तरंगणारं जॅकेट थंडीच्या कोटावर चढवूनच धक्क्यावर पाय ठेवायचा. त्याला शिट्टी बांधा. एकट्याने जायचं नाही. घरी जागेचं नेमकं नाव सांगून जा. ९११ ला फोन करावा लागला तर तेच नाव तुम्हालाही सांगता आलं पाहिजे.

भिंतीचा माथा ओला दिसला याचा अर्थ लाटा वरून जातायत. चढू नका. डिसेंबरात त्याच ओलाव्याचा काचेसारखा बर्फ होतो. बुटांना खिळ्यांचे पट्टे लावल्याशिवाय त्यावर जाऊ नये. पाण्यात उतरून किंवा रात्री बोटीवरून ट्रोलिंग करून पकडणारेही खूप आहेत. बोटीत ताशी एक ते दीड मैलाच्या संथ वेगाने हीच आमिषं ओढतात. पण पहिल्या हंगामात ते करायचंच असेल तर परवानाधारक चार्टर (भाड्याच्या बोटीच्या) कॅप्टनबरोबर करा.

ठेवायचा कोणता, खायचा कसा

२८ इंचांचा वॉलआय ओहायोत फिश ओहायो या मानचिन्हाला पात्र ठरतो आणि साधारण आठ पौंडांचा भरतो. एवढा मोठा मासा बहुधा मादी असते. नियम ती ठेवू देतो. मी म्हणेन फोटो काढा आणि सोडा. चवीला १६ ते २० इंचांचा मासाच सरस, शिवाय मोठ्या, वयस्क माशात पारा जास्त साठलेला असतो. किती वेळा खावा याचा सल्ला राज्य प्रसिद्ध करतं. गरोदर बायका आणि लहान मुलं असलेल्या घरांनी तो जरूर वाचावा.

ठेवायचा मासा लगेच कल्ल्याजवळ चिरून रक्त काढा आणि बर्फात ठेवा. घरी बरगड्यांवरून तुकडा सोडवा, कातडी काढा, पोटाकडची चरबी आणि मधली तांबूस पट्टी कापून टाका. आपल्याकडे डोकं फेकत नाहीत, पण या सरोवरातले दूषित घटक चरबीत, कातडीत आणि आतड्यांत साठतात, म्हणून इथे तो मोह सोडलेला बरा. गालाचा बटणाएवढा तुकडा मात्र काढून घ्या. कापलेल्या तुकड्यात पुढच्या अर्ध्या भागात बारीक काट्यांची एक ओळ राहते. तिच्या दोन्ही बाजूंनी चीर देऊन ती पट्टी काढली की मुलांना निर्धास्त देता येतो.

मांस पांढरं, घट्ट, जवळजवळ बिनवासाचं. समुद्राच्या माशाचा खारेपणा नसल्याने मीठ आणि आगळ जरा सढळ हाताने लावून अर्धा तास ठेवा, मग हळद-तिखट, रवा आणि तांदळाचं पीठ. तव्यावर दोन्ही बाजूंना तीन-तीन मिनिटं. कालवणात घालायचा तर रस्सा पूर्ण उकळल्यावर शेवटी टाका आणि डावाने ढवळू नका, मोठ्या पाकळ्या सुटतात.

हंगामाचा उत्तम भाग नेमका मार्गशीर्षात येतो, आणि ज्या घरात तो महिना पाळतात तिथे तुकडे थेट फ्रीजरमध्ये जातात. पिशवीत थोडं पाणी भरून मासा पूर्ण बुडवा, हवा काढा, तारीख लिहा. असा ठेवलेला वॉलआय पौषात काढला तरी कोरडा पडत नाही.